आधी कोनशिला, मग पैशांची सोय

तामिळनाडूत 2021 ची विधानसभा निवडणूक ऐन रंगात होती, तेव्हा द्रमुकचे उदयनिधी स्टॅलिन प्रचारसभांत एक वीट घेऊन फिरत. विटेवर ‘एम्स’ असे लिहिलेले. हेच ते मदुराईचे एम्स, असे सांगत ते ती उंच धरत आणि सभा दणाणून जाई. प्रचाराचा भाग सोडून द्या; पण पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन होऊन दोन वर्षे उलटली, तरी मदुराईजवळच्या तोप्पूर येथे कोनशिला आणि कुंपणभिंत यांपलीकडे दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते, हे खरेच होते.

सरकारी रुग्णालये रखडली की आपण ‘निधी नाही’ म्हणून मोकळे होतो. मदुराईची तारीखवार हकिकत पाहिली तर कळते, की निधी किती याच्याइतकाच तो कधी आणि कुठून येणार हा प्रश्न मोठा असतो.

या एम्सची घोषणा फेब्रुवारी 2015 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. मग जागा कुठे, यावर तीन वर्षे गेली. राज्य सरकारने एक सोडून पाच ठिकाणे सुचवली होती: चेंगलपट्टू, पुदुकोट्टई, तंजावरजवळचे चेंगीपट्टी, पेरुंदुराई आणि तोप्पूर. मोठे रुग्णालय प्रत्येक भागाला हवे असते आणि कोणत्याही एका भागाला ‘नाही’ म्हणायची कोणाची तयारी नसते. फाइल मात्र तेवढे दिवस पडून राहते. जून 2018 मध्ये तोप्पूर ठरले. डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने 1,264 कोटी रुपयांना मंजुरी दिली आणि 27 जानेवारी 2019 रोजी, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, कोनशिला बसली.

खरी अडचण यापुढची आहे. या प्रकल्पाचा बहुतेक पैसा जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून यायचा होता आणि त्या कर्जाचा करार झाला मार्च 2021 मध्ये. म्हणजे कोनशिलेनंतर सव्वादोन वर्षांनी. असे कर्ज स्वस्त असते, फेडायला मुदतही लांबलचक मिळते, त्यामुळे ते घेण्यात गैर काही नाही. पण त्याला स्वतःची चाल असते. आधी कर्ज देणाऱ्याचे पथक येऊन पाहणी करते. मग सल्लागार नेमायचा, नकाशे आणि अंदाजपत्रक त्यांच्या नियमांत बसवायचे, निविदेच्या अटी त्यांना दाखवायच्या, आणि एवढे झाल्यावर ठेकेदार. ही वाट किती लांब आहे हे दिल्लीत सगळ्यांना ठाऊक असते. ते भूमिपूजनाच्या मांडवात सांगितले जात नाही, याचा मला राग आहे. समोर बसलेल्या माणसाला वाटते, उद्यापासून जेसीबी लागणार.

दरम्यान खर्च वाढला. करोनाचा अनुभव गाठीशी आल्यावर संसर्गजन्य आजारांसाठी 150 खाटांचा स्वतंत्र विभाग आराखड्यात आला. तो हवाच होता. सुधारित खर्च 1,977.80 कोटींवर गेला. त्यात कर्जाचे 1,627.70 कोटी आणि उरलेले साडेतीनशे कोटी केंद्राचे. मूळ मंजुरीपेक्षा सातशे कोटींहून जास्त. प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले मार्च 2024 मध्ये, घोषणेनंतर नऊ वर्षांनी.

या काळात एम्स कागदावर मात्र चालू होते. 2022 मध्ये एमबीबीएसच्या 50 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी घेतली गेली आणि तिची सोय शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या रामनाथपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात लावली. प्रवेश मदुराई एम्सचा, वर्ग दुसऱ्याच्या इमारतीत. रुग्णांना तर एवढाही आडोसा मिळाला नाही. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून येणारी गर्दी मदुराईचे जुने राजाजी रुग्णालयच झेलत राहिले.

नागपूरचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. विदर्भासाठी एम्सची घोषणा जुलै 2014 च्या अर्थसंकल्पातली, मंत्रिमंडळाची 1,577 कोटींची मंजुरी ऑक्टोबर 2015 ची, भूमिपूजन 2017 चे आणि लोकार्पण 11 डिसेंबर 2022 चे. इथेही पहिली तुकडी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बसली. आठ वर्षे काही थोडी नव्हेत. तरी मिहानमध्ये जागा मिळाली होती आणि पैसा केंद्राच्या तिजोरीतून येत होता, परदेशी कराराची वाट पाहायची नव्हती. नवी एम्स उभारण्याची केंद्राची योजना तीच, सरकार तेच. कोनशिलेपासून लोकार्पणापर्यंत नागपूरला सुमारे साडेपाच वर्षे लागली. मदुराईत तेवढ्याच काळात जेमतेम बांधकामाला हात लागला.

प्रश्न एकट्या मदुराईचा नाही. 2003 मध्ये जाहीर झालेल्या याच योजनेतल्या पहिल्या सहा एम्सचा खर्च आधी प्रत्येकी 332 कोटी धरला होता, तो पुढे 820 कोटी करावा लागला. गरजेचा अंदाजच नीट घेतला नव्हता, असे महालेखापरीक्षकांनी 2018 च्या अहवालात नोंदवले. त्याच अहवालात या सहाही संस्थांमधल्या रिकाम्या अध्यापकपदांवर बोट ठेवले आहे. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांची दुखणी याहून वेगळी नाहीत. प्रशासकीय मान्यता मिळते, काम लांबते, दर वाढतात, मग सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घ्यायला फाइल पुन्हा मंत्रालयात. इमारत पुरी झाली की कळते, पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागात आहे. रंग दिलेल्या इमारतीला कुलूप, आणि बाळंतीण जिल्ह्याच्या गावाला.

म्हणून मागणी अशी हवी: पैशाची पक्की सोय आणि जागेचा ताबा झाल्याशिवाय कोनशिला बसवू नये, आणि बसवलीच तर तिच्याशेजारी फलक लावावा. पैसा कोणाचा, करार कधी झाला, कार्यारंभ आदेशाची तारीख काय, किती पदे मंजूर आहेत, हे त्यावर स्थानिक भाषेत लिहिलेले असावे. पदनिर्मितीची फाइल बांधकामाच्या निविदेबरोबरच निघाली पाहिजे, कारण विशेषज्ञ डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका जाहिरात दिली की महिन्याभरात हजर होत नाहीत. तोप्पूरच्या इमारतीतही शेवटी त्यांचीच गरज पडणार आहे.