माणूस सापडतो, घर सापडत नाही

इंग्लंडमधल्या खेड्यात पूर्वजांचा माग काढायला बसलं की माणसं भराभर हाती लागतात. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आली आणि १८४१ पासून दर दहा वर्षांच्या शिरगणतीत माणसांची नावं येऊ लागली. चिकाटी आणि थोडं नशीब असलं, तर साध्या शेतमजुराची वंशावळही सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येते. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: ही माणसं राहत होती ते घर नेमकं कुठलं?

शिरगणती याबाबत फारशी उपयोगी पडत नाही. शहरात रस्ता आणि घर क्रमांक असायचा. खेड्यात मात्र गणना करणारा 'चर्चची गल्ली' किंवा नुसतं 'गाव' असं लिहून मोकळा व्हायचा. डाव्या रकान्यात एक आकडा दिसतो आणि नवखा शोधक त्याला घर क्रमांक समजून हरखतो. तो असतो फॉर्मचा अनुक्रमांक. पुढच्या खेपेला फेरी गावाच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली की त्याच घराला भलताच आकडा मिळतो. १८४१च्या गणनेत तर पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयंसुद्धा सहसा पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेली आहेत.

तरी एक युक्ती चालते. पाद्र्याचं घर, पब, लोहाराची भट्टी, गिरणी या जागा सहसा पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीत. त्या नकाशावर ठरवून घ्यायच्या आणि गणना करणारा कोणत्या वाटेने चालला असेल ते जुळवायचं. पब आणि भट्टी यांच्यामध्ये वहीत पाच कुटुंबं असतील आणि नकाशावर पाच घरं, तर आशा धरायला हरकत नाही. पण तो मध्येच रस्ता ओलांडून पलीकडच्या घरांत शिरला असेल, तर सगळी जुळणी कोसळते.

घराचा पत्ता खरा लागतो तो त्या घराकडून कुणाला तरी पैसे हवे होते तिथे. चर्चला शेतीच्या उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा, ही जुनी प्रथा. १८३६च्या कायद्याने धान्य, लोकर, डुकरं असल्या वस्तूंऐवजी रोख रक्कम ठरवायची म्हटल्यावर जमीन मोजणं आलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्सच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाचे नकाशे तयार झाले. त्यांना टाइथ नकाशे म्हणतात. सोबतच्या तक्त्यात मालक, प्रत्यक्ष वापरणारा, तुकड्याचा क्रमांक, शेताचं नाव, वापर आणि क्षेत्रफळ. 'कॉटेज आणि बाग' अशी नोंद आणि पुढे आपल्या खापरपणजोबांचं नाव सापडलं की नकाशावर बोट ठेवता येतं.

या तक्त्यातलं क्षेत्रफळ एकर, रूड आणि पर्च अशा मापांत आहे, आणि ते वाचायला मराठी माणसाला अवघड जाऊ नये. चाळीस पर्चचा रूड, चार रूडांचा एकर. म्हणजे रूड झाला आपले दहा गुंठे आणि पर्च पाव गुंठा. इंग्लंडची साखळी ६६ फुटांची, तर मुंबई इलाख्याच्या मोजणीतली बरोबर तिच्या अर्धी, ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजेच आपला गुंठा. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ब्रिटिश अधिकारी इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी बसवत होते तीही १८३६च्या सुमारासच. सातबाऱ्यावर वाढलेल्यांना टाइथचा तक्ता ओळखीचा वाटतो तो उगाच नाही.

फरक आहे तो मालकीत. इंग्लंडच्या खेड्यातला मजूर बहुधा भाडेकरू असायचा. कॉटेज जमीनदाराची नाहीतर शेतकरी मालकाची. नोकरी गेली की घर गेलं, आणि वर्षाचा करार मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेर, संपला की बिऱ्हाड उचलायचं. त्यामुळे दहा वर्षांच्या दोन गणनांमध्ये एका कुटुंबाची चार घरं झाली असली तरी कागदावर दोनच दिसणार. टाइथच्या तक्त्यात कधी कधी चार-पाच कॉटेजेस एकाच क्रमांकाखाली घालून पुढे 'अमुक आणि इतर' असं लिहिलेलं असतं. त्या 'इतर'मध्ये किती शोध संपले असतील! आणि लेस्टरशर, नॉर्थॅम्प्टनशर अशा मध्य इंग्लंडच्या भागांत, सामायिक शेतं कुंपणं घालून वाटून देताना चर्चला दहाव्या भागाबदली जमीनच देऊन टाकली होती. तिथल्या बऱ्याच गावांचा टाइथ नकाशा झालाच नाही.

अशा गावांना दुसरी संधी मिळाली अर्थमंत्री लॉइड जॉर्जमुळे. जमिनीची किंमत वाढली तर त्यावर कर घ्यायचा म्हणून १९१०च्या कायद्याखाली देशभरातल्या मालमत्तेची पाहणी झाली. कर काही वर्षांत बारगळला, पण पाहणीच्या वह्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिल्या. खोल्या किती, भिंत विटेची की दगडाची, छप्पर गवताचं का, डागडुजी कशी, हे मजुराच्या घराबद्दलसुद्धा त्यांत लिहिलेलं सापडतं. माझ्या मते घर शोधणाऱ्याला याहून चांगला कागद नाही, आणि तरी बहुतेक लोक शिरगणतीपाशीच थांबतात. पोर्ट्समथ आणि साउदॅम्प्टन भागातल्या वह्या मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेल्या. १९३१ची शिरगणतीही १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ची युद्धामुळे झालीच नाही.

१८३६च्या मागे गेलं की चित्र उलटं होतं. बेताचं कमावून गुपचूप जगलेल्या माणसाबद्दल कागद मुका असतो. कफल्लक झालेल्याबद्दल बोलका. १६६२च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर टाकली. मग कुणी मदत मागितली की न्यायाधीशांसमोर त्याची जबानी व्हायची: जन्म कुठला, कोणत्या शेतकऱ्याकडे वर्षभर चाकरी केली, कुठे भाड्याने राहिलास. सबंध वर्ष चाकरी झाली की त्या गावावर हक्क लागायचा, म्हणून हुशार शेतकरी गड्याला वर्षाला काही दिवस कमी असतानाच मोकळं करत. अशा जबान्यांत एकेका दरिद्री माणसाचं सगळं आयुष्य गावागावांनिशी आलेलं आहे.

आणि एका गावात तर पैशांऐवजी मानापमानाने हे काम करून ठेवलं. श्रॉपशरमधल्या मिडलचे रिचर्ड गॉफ सत्तरीकडे झुकले होते तेव्हा, १७०१च्या सुमारास, त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला आणि रचना धरली चर्चमधल्या बाकांची. कोणता बाक कोणाचा यावरून भांडणं होत. गॉफ यांचं म्हणणं, बाक माणसाचा नसतो, घराचा असतो. शेतवाल्यांचे पुढे, कॉटेजवाल्यांचे मागे. मग त्यांनी चर्चचा आराखडा काढला आणि एकेक बाक घेऊन त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोण राहिलं, कोण दारूपायी बुडालं, कोणी कोणाशी लग्न केलं, सगळं सांगत सुटले. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून राजाच्या बाजूने वीस माणसं गेली आणि तेरा मेली, हेही त्यांच्यामुळेच कळतं. मिडलमध्ये ज्याचे पूर्वज निघाले त्याने स्वतःला भाग्यवान समजावं. मात्र पणजोबांच्या चोऱ्या ऐकायची तयारी ठेवावी.

कधी कागद शाबूत असतात आणि गावच जागेवर नसतं. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टन यांना आपल्या वाड्याशेजारची वस्ती खुपली. त्यांनी ती पाडून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांना दूर दरीत नव्या, एकसारख्या कॉटेजेसमध्ये हलवलं. आजचं देखणं मिल्टन अ‍ॅबस ते हेच. त्याच परगण्यातलं टाइनम डिसेंबर १९४३मध्ये लष्कराने सरावासाठी रिकामं करून घेतलं. सुमारे २२५ माणसं निघाली आणि परत येऊ दिली गेली नाहीत. तिथे आता पडक्या घरांमध्ये फलक लावले आहेत: इथे कोण राहत होतं, काय काम करत होतं. कुठल्या घरात कोण, हे इतक्या सरळपणे वाचायला मिळणारी खेडी इंग्लंडमध्ये थोडीच. गोळीबाराचा सराव नसेल तेव्हा, म्हणजे बहुतेक शनिवार-रविवारी, ती घरं बघायला जाता येतं.