खुब्याचे हाड मोडले तर…



बाथरूममध्ये पाय घसरतो, थंडीत फुटपाथवर तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे ७०,००० ज्येष्ठांवर ही वेळ येते. खरा धोका नुसत्या हाडाला नसतो. अंथरुणात पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा पडतात. म्हणून शस्त्रक्रिया लवकर व्हावी लागते.

पूर्वी कोणत्या रुग्णालयात किती उशीर होतो, हे एकत्र कोणी पाहत नव्हते. २००७ साली ‘नॅशनल हिप फ्रॅक्चर डेटाबेस’ सुरू झाला. शस्त्रक्रिया किती तासांत झाली, वृद्धांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासले का, ३० दिवसांनी रुग्ण हयात आहे का, या सगळ्याची रुग्णालये नोंद करू लागली. मग इतरांशी तुलना. यालाच ‘बेंचमार्किंग’ म्हणतात. तुलना करताना रुग्णांचे वय आणि इतर आजारही धरले जातात. नाहीतर जास्त आजारी रुग्ण घेणारे रुग्णालय विनाकारण वाईट दिसेल. २०१० पासून इंग्लंडमध्ये ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि इतर अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसेही मिळू लागले.

परिणाम पाहा. इंग्लंडमध्ये २००७ साली दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होणारे रुग्ण शंभरात सुमारे ५४ होते. २०११ पर्यंत ते ७१ झाले. ३० दिवसांत दगावणारे शंभरात सुमारे ११ वरून साडेआठवर आले. या नोंदणीत भाग घेणाऱ्या रुग्णालयांत सुधारणा अधिक वेगाने झाली. औषध नवे नव्हते. आपण कुठे कमी पडतो, हे दिसू लागले होते.

यात आपलाही वाटा आहे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवले का, हेही मोजतात. आपल्याकडे मात्र प्रेमापोटी म्हणतात, “आईंना त्रास देऊ नका, पडू द्या.” कृपया असे करू नका. दुखत असेल तर वेदनाशामक मागा, पण फिजिओथेरपिस्टला थांबवू नका. औषधांची यादी पर्समध्ये ठेवा. आणि घरच्यांनी विचारावे: शस्त्रक्रिया केव्हा? उशीर का? हाडे बळकट करण्याचे औषध कोणते?

इंग्रजी बोलण्याची अडचण असणारे किंवा एकटे राहणारे कोणी आपल्या ओळखीत असतील, तर त्यांना हा लेख अवश्य वाचून दाखवा. असे कोणी रुग्णालयात असल्यास, भेटीच्या वेळेत तासभर सोबत बसणे ही मोठी सेवा ठरेल.