गिटारच्या फळीला तडा गेला तर

किटमधून अकूस्टिक गिटार जोडताना स्प्रूसच्या वरच्या फळीला तडा गेला की जीव हळहळतो. पण फळी टाकू नका. ती जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची असते; हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि रेषांच्या दिशेनं उकलतं. म्हणून आधी ती 45 ते 50 टक्के आर्द्रतेत ठेवा, बारीक तडा बराचसा मिटतो. मग बोटानं खालून हलकेच दाबत-सोडत सरस आत मुरवा, ओल्या फडक्यानं पुसा आणि क्लॅम्प लावून 24 तास ठेवा.

आतून स्प्रूसच्याच छोट्या चकत्या चिकटवाव्यात. त्यांच्या रेषा तड्याला आडव्या हव्यात. समांतर बसवल्यास चकत्याही तिथेच फाटतात. मागची फळी बसवण्याआधीच हे करा, तोवर आत हात सहज पोचतो.