सुपाच्या नावाचे बंदर

यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा ओलांडून माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांना तिचा पुत्र परशुराम याची कथा ठाऊक असतेच. मात्र या कथेचा पुढचा धागा पश्चिम किनाऱ्यावरील शूर्पारक या प्राचीन बंदरापर्यंत, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्यापर्यंत पोहोचतो. जिंकलेली पृथ्वी कश्यपाला दान केल्यावर परशुरामाला राहायला जागा उरली नाही, तेव्हा सागराने त्याच्यासाठी शूर्पारक हा प्रदेश निर्माण केला, असे महाभारताच्या शांतिपर्वात सांगितले आहे. शूर्प म्हणजे धान्य पाखडण्याचे सूप.

बौद्ध परंपरेत हेच नगर पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याचे ठरते. दासीच्या पोटी जन्मून सागरी व्यापारात श्रीमंत झालेला आणि पुढे भिक्षू झालेला पूर्ण वादळात सापडलेले भावाचे जहाज वाचवतो व त्यातील चंदनातून बुद्धासाठी प्रासाद उभा राहतो, असे ‘दिव्यावदान’ हा संस्कृत कथासंग्रह सांगतो.

या कथांना इतिहासाचा भक्कम आधार आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा येथे 1882 मध्ये, तर नवव्याचा जवळच्या भुईगाव येथे 1956 मध्ये सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरप्रवासवर्णनात हे बंदर ‘सुप्पारा’ या नावाने येते. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि समुद्र दूर राहिला.

सर्वांत मोलाचा पुरावा मात्र ज्या टेकाडातून निघाला, त्याला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. सुपे विणणाऱ्या बुरुडाचे नाव सुपाच्या नगरीतील टेकाडाला असावे, हा योगायोग मोठा लोभस आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये तेथे खोदकाम केले, तेव्हा ते टेकाड विटांचा स्तूप, म्हणजे पवित्र अवशेषांवर रचलेले अर्धगोल स्मारक, असल्याचे उघड झाले. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले होते; सर्वांत आतल्या, सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राच्या लहान खापऱ्या जपलेल्या होत्या. सोबत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे न झिजलेले चांदीचे नाणे होते. तांब्याच्या करंडकाभोवती मात्र कित्येक शतकांनंतर घडवलेल्या आठ धातुमूर्ती मांडलेल्या आढळल्या, यावरून मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप श्रद्धेने पुन्हा उघडला असावा. त्यांतील सात मूर्ती गौतमापर्यंतच्या बुद्धांच्या आहेत आणि आठवी मैत्रेयाची, म्हणजे अजून यायच्या असलेल्या बुद्धाची.