तेल पंप, मोटार एंजिनातील

मोटारगाडीच्या एंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रातील वंगण तेल शोषून घेऊन ते दाबाखाली धारवे म्हणजेच बेअरिंगे, कॅम दंड, झडपांची यंत्रणा इ. हलत्या भागांकडे पाठविणाऱ्या पंपास तेल पंप म्हणतात. भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट व त्याचे धारवे एकमेकांवर घासत असल्यासारखे वाटतात. परंतु चालत्या एंजिनात त्यांचा धातू धातूला लागत नाही. मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीच्या तेलाच्या पटलावर दंड तरंगत असतो. हे पटल तुटले की धारव्याचा मऊ मिश्रधातू तापून दंडावर माखला जातो व एंजिन जाम होते. भरवेगात यास काही मिनिटेही पुरतात.

फोर्ड कंपनीच्या १९०८–२७ या काळातील टी प्रतिमानाच्या गाडीत असा पंप नव्हता. प्रचक्राने उडविलेले तेल एका नळीतून पुढे उतरे व फिरत्या भागांच्या तडाख्याने सर्वत्र शिंपडले जाई. मंद गतीच्या त्या एंजिनाला तेवढे पुरत असे. गती व भार वाढल्यावर मात्र दाबाने तेल पुरविणे अपरिहार्य झाले.

रचना : दंतचक्री पंपात दोन दंतचक्रे परस्परांत गुंतून विरुद्ध दिशांना फिरतात आणि दातांमधील पोकळ्यांत सापडलेले तेल आवरणाच्या कडेने पुढे नेतात. दुसऱ्या प्रकारात पाकळ्या असलेले आतील चक्र, एक पाकळी अधिक असलेल्या बाहेरील चक्रात उत्केंद्री रीतीने फिरते. जुन्या एंजिनांत पंपाला बहुधा कॅम दंडावरून गती मिळे. अलीकडील पुष्कळ एंजिनांत तो भुजादंडाच्या पुढील टोकाशी असतो. तेल आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी व बाहेर पडण्याच्या मार्गावर स्प्रिंगयुक्त दाबमुक्ती झडप असते. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडून जादा तेल परत फिरविते.

पंप तेलाचा प्रवाह निर्माण करतो, दाब नव्हे. त्या प्रवाहाला धारव्यांच्या अरुंद फटींतून जो अडथळा होतो त्यातून दाब उत्पन्न होतो. फटीतून निसटणाऱ्या तेलाचे प्रमाण फटीच्या रुंदीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे झिजून फट दुप्पट झाली, तर गळती सु. आठपट होते. यामुळेच पुष्कळदा दोष धारव्यांत असतो व आरोप पंपावर येतो. पंप सतत तेलातच बुडालेला किंवा भिजलेला राहत असल्याने तो स्वतः फार सावकाश झिजतो. नवा पंप बसवूनही दाब वाढला नाही, अशी तक्रार ऐकू येते ती याच कारणाने.

बिघाडाची लक्षणे : गरम एंजिनात नेहमीच्या वेगाला तेलाचा दाब सामान्यतः दर चौ. सेंमी.ला २ ते ४ किग्रॅ. असतो. इशारा देणारा तांबडा दिवा मात्र दाब सु. ०·३ ते ०·५ किग्रॅ. इतका उतरल्यावरच लागतो. मंदगतीला एवढा दाब कसाबसा चालतो. रस्त्यावर वेगात असताना दिवा लागला, तर पटल धोक्यात आलेच आहे असे समजावे. अशा वेळी पुढच्या गॅरेजपर्यंत गाडी नेण्याचा मोह टाळून एंजिन तत्काळ बंद करणे हाच शहाणपणा होय.

इतर लक्षणे कारणाकडे बोट दाखवितात. एंजिन तापल्यावर फक्त मंदगतीला दिवा लुकलुकत असेल, तर तेल पातळ झाले आहे किंवा धारवे झिजले आहेत. तेलाची श्यानता ४०° से.पासून १००° से.पर्यंत तापताना कित्येक पटींनी घटते, म्हणून थंड असताना हा दोष लपून राहतो. वळणावर किंवा घाटाच्या चढावर दिवा लागणे हे बहुधा तेलाची पातळी उतरल्याचे चिन्ह आहे. तेल एका बाजूस सरकून पंप हवा ओढतो. सर्वच वेगांना दाब कमी राहिल्यास तुंबलेली जाळी, उघडी अडकलेली दाबमुक्ती झडप किंवा झिजलेला पंप यांचा संशय घ्यावा. दाब एकदम शून्यावर आल्यास पंपाची गतिवाहक जोडणी तुटलेली असू शकते. झडपांकडील टकटक आधी ऐकू येते. तळातून येणारा जड ठोका ऐकू आला म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो. दिवा लागूनही एंजिन शांत असेल, तर दाबदर्शक स्विच बिघडल्याचीही शक्यता असते. त्याच्या जागी यांत्रिक दाबमापक लावून खात्री करून घेतल्याशिवाय पंप उघडू नये.

देखभाल : पंपाची देखभाल म्हणजे मुख्यतः तेलाची देखभाल. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी पट्टीवर पातळी पाहावी. खुणेच्या वर तेल भरणेही घातक असते. भुजादंडाने घुसळून त्याचा फेस होतो आणि फेस पंपाला नीट ढकलता येत नाही. तेल व फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या अंतराला बदलावेत, अन्यथा जळके तेल घट्ट होऊन त्याचा चिखल जाळीवर बसतो. जोडांना लावलेल्या सिलिकोनच्या लुकणाचे तुकडेही तेथेच अडकतात. तेलात बुडून चालणारे रबरी पट्टे असलेल्या काही अलीकडील एंजिनांत पट्ट्याचा झडलेला चुरा जाळी बंद करतो. म्हणून तेथे नेमलेल्या प्रतीचेच तेल घालावे. गॅरेजात ज्याला चेंबर म्हणतात ते तळपात्र दगडावर किंवा गतिरोधकावर आपटून आत दबले, तर शोषणनळीचे तोंड अडते. तेल गळत नसले तरी ते तपासावे. दाब उतरला की दाट तेल घालून दिवा विझविण्याची रीत सर्रास आढळते. तिने लक्षण झाकले जाते, झीज थांबत नाही, आणि थंड एंजिनात तेल दूरच्या धारव्यांपर्यंत पोहोचण्यास उलट अधिक वेळ लागतो.

पंप उघडल्यास चक्रांच्या कडांवरून सरळ पट्टी ठेवून पट्टी व चक्रे यांमधील फट फीलर पट्ट्यांनी मोजतात. ही फट सामान्यतः मिलिमीटरच्या एकदशांशाहून कमी असावी लागते. नेमकी मर्यादा त्या एंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. आवरणावर खोल ओरखडे असल्यास पंप बदलणेच योग्य. पंप परत बसविताना त्यात तेल भरणे आवश्यक असते, कारण कोरडा पंप तेल खेचू शकत नाही आणि एंजिन सुरू केल्यावर पहिले काही क्षण धारवे वंगणाविना फिरतात.