आचे प्रांतातील वेताची शिक्षा

मंडळी, इंडोनेशिया म्हणजे हजारो बेटांचा देश. त्यातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे नावाचा प्रांत आहे. सबंध देशात मुसलमान बहुसंख्य. पण इस्लामी फौजदारी कायदा चालतो तो एवढ्या एकाच प्रांतात. असे का बरे?

१९७६ पासून तेथे स्वतंत्र आचेसाठी बंड चालू होते. जमिनीतला वायू आमचा आणि पैसा जातो राजधानीला, ही मोठी तक्रार. बंड शमावे म्हणून मध्यवर्ती सरकारने २००१ साली खास स्वायत्तता दिली, तीत शरियतचीही मुभा दिली. म्हणजे मागितले होते राज्य, हाती आला कायदा! तह झाला तो २००५ साली, समुद्राच्या त्या महाभयंकर लाटेनंतर.

सध्याचा कायदा २०१४ चा. दारू, जुगार, व्यभिचार, समलिंगी संबंध, इतकेच काय, परक्या स्त्रीपुरुषांचा एकांतही त्यात गुन्हा ठरतो. खून नि चोरी मात्र देशाच्या सामान्य कायद्याखालीच. एकांताला फार तर १० फटके, किंवा १०० ग्रॅम सोने दंड, किंवा १० महिने कैद. आता मोलमजुरी करणाऱ्याने एवढे सोने आणावे कोठून? फटके वेताचे, आणि तेही चारचौघांसमोर. अंगापेक्षा अब्रूलाच मार अधिक.

२००९ साली प्रांताच्या विधिमंडळाने विवाहित व्यभिचाऱ्यांना दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षाही मंजूर केली होती. गव्हर्नर इरवांदी यूसुफ यांनी सही करण्याचे नाकारले. हे गृहस्थ पूर्वी बंडखोरांतलेच, बरे का! २०१४ च्या कायद्यात ती शिक्षा आली नाही.