फियाटचा आवाज बदलतो तेव्हा

मुलुंडचा चेकनाका मागे पडला की फियाटचा आवाज बदलायचा. घाटकोपरपासून तिथवर पहिला, दुसरा, पुन्हा पहिला अशी ओढाताण चालायची. नाक्यापलीकडे रस्ता मोकळा झाला की स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडगियर चौथ्यात पडायचा आणि नाशिकच्या वाटेवर कसाऱ्यापर्यंत एकच सूर लागायचा. वडील मधेच बोलणं थांबवून कान द्यायचे. समोर वेगाचा काटा होता. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नव्हता. त्यामुळे इंजिनाची खबर कानानेच घ्यावी लागे.

ती गाडी आमच्या घरापासून दोन-तीन मैलांवरच जन्मली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली, १९७० च्या दशकात ती आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. कागदावर नाव काहीही असो, मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिला. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. सोलेक्सचा एकच कार्बोरेटर आणि चार गियर. चौथ्यात गियरबॉक्स मधे काही फेरफार करत नाही. इंजिनाचे फेरे सरळ मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातात आणि तिथे चारपटीहून थोडे जास्त कमी होऊन चाकाला मिळतात. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर. चाक एका फेरीत दोन मीटरांहून थोडं कमी अंतर कापतं, तेव्हा त्याचे मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे होतात आणि इंजिनाचे ३,००० च्या आसपास. वेग तोच आणि गियर तोच असेल तर या आकड्याला हलायला जागाच नाही. इंजिन आणि चाक लोखंडाने एकमेकांना बांधलेले आहेत.

म्हणून हायवेवर आवाज बदलला की आधी एकच गोष्ट पाहायची: वेगाचा काटा त्याच्याबरोबर हलतो का?

काटा जागेवर आणि आवाज वर, असं झालं तर दोष क्लचचा. त्या बांधलेल्या साखळीत सुटू शकणारा दुवा तेवढा एकच. क्लच प्लेटचं अस्तर झिजलं, मागच्या सीलमधून गळलेलं ऑइल तिच्यावर चढलं किंवा पेडलला मोकळी चाल उरली नाही, की प्लेट घसरू लागते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर हाफ क्लचवर काढलेले तास शेवटी तिथेच जमा होतात. शहरात हे कळत नाही, कारण तिथे इंजिनाकडून पूर्ण जोर कधी मागितलाच जात नाही. चौथ्या गियरमध्ये चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन नुसतं रेस होतं, गाडी ओढत नाही आणि पाठोपाठ करपट वास येतो.

काटाही आवाजाबरोबर वर-खाली होत असेल, तर साखळी शाबूत आहे आणि इंजिनालाच धड खायला मिळत नाही. या तक्रारीवर लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो. गाडी पाय स्थिर असतानाही ओढते, सोडते, पुन्हा ओढते. गॅरेजमध्ये उभी केली तर स्लो स्पीड सुरेख. मिस्त्री म्हणतो, काही नाही साहेब. दोघंही खरं बोलत असतात. उभ्या गाडीला लागणारं पेट्रोल कार्बोरेटरच्या लहान जेटमधून येतं. हायवेवरचा सगळा भार मेन जेटवर असतो. मेन जेटमध्ये टाकीतल्या गंजाचा एक कण अडकला, तर गाडी घाटकोपरात गुणी आणि ठाण्यापुढे हट्टी होते. पेट्रोल पंपाचा डायफ्राम थकला असेल तरी तेच: थोडी मागणी पुरवतो, सततची पुरवत नाही. कार्बोरेटरखालचं पॅकिंग फाटलं की इंजिन 'हवा घेतं', मिश्रण पातळ होतं आणि हलक्या पायावर गाडी झुलू लागते. पॉइंट जळलेले असले तर झटके येतात, मिसिंग होतं. तो आवाज तुटक असतो, झुलणारा नसतो.

सर्वांत स्वस्त दोष टाकीच्या झाकणात असतो. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा शिरायला झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की अर्ध्या तासाने टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थांबवून झाकण फिरवलं आणि 'फुस्स' आवाज आला, की निदान झालं. टाचणीने भोक मोकळं करायचं, एवढाच उपचार. घाटात तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बसायची, तेव्हा पंपावर ओलं फडकं ठेवून माणसं निवांत चहा प्यायची.

आज उपनगरात ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत आणि त्यांच्याबाबत हे गणित लावू नये. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स तेलाने जोडलेले असतात. ठरावीक वेगाला आतला लॉक बसला की फेरे काहीशे उतरतात, चढाला लॉक सुटला की पुन्हा चढतात. तो दोष नव्हे. सपाट रस्त्यावर लॉक सारखा बसत-सुटत राहिला, तर मात्र दाखवून घ्यावी.

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर नाही. शेवटची नोंद ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीची मुदत २० वर्षांची होती. घरच्या फियाट मात्र अजून काही इमारतींखाली कापड पांघरून उभ्या आहेत. तुमच्याकडे असेल तर लांबच्या प्रवासाआधी एका रविवारी पहाटे ती मोकळ्या सपाट रस्त्यावर न्या. काचा खाली करा, गप्पा थांबवा, चौथ्यात ५० वर आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि काटा तिथेच राहिला, तर कसाऱ्याचा बेत पुढे ढकला आणि आधी क्लच उघडा. दोन्ही झुलत असतील, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी टाकीचं झाकण पाहा.